माझं मशीन, माझा झिरो

सोमवार, ४ नोव्हेंबर
कारखान्यातलं नवं सीएनसी मशीन, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं, अखेर सुरू झालं. इन-चार्ज कोण, ते मालक पुढच्या आठवड्यात ठरवणार. ठरवायचं काय त्यात? जुन्या मिलिंग मशीनचं हँडल फिरवून फिरवून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय. दुसरी उमेदवार माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. कोर्स करून आलीय. मालकांकडे शब्द टाकून मीच तिला इथे चिकटवली. हा माझा मोठेपणा.

तिने आज होमिंग शिकवलं. मशीन चालू केलं की एक बटण दाबायचं. ते आपलं आपण सरकत कोपऱ्यात जातं, तिथल्या स्विचांना टेकतं, आणि तेव्हा कुठे त्याला कळतं आपण कुठे आहोत ते. मी विचारलं, रोज? म्हणाली, रोज, भाऊजी. वीज गेली तर पुन्हा.
एवढं महागडं मशीन आणि स्वतःचा पत्ता माहीत नाही!
संकल्प: आठवड्याभरात मशीन माझ्या ताब्यात.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
होमिंग केलं नाही. स्क्रीनवर लाल सूचना येते, 'रद्द' दाबलं की जाते. हे मेहुणीने शिकवलं नव्हतं. मी शोधून काढलं.
मग प्लेटचा कोपरा मशीनला दाखवला. याला वर्क झिरो म्हणतात. म्हणजे, बाबा रे, इथून मोजायला लाग. जॉब अगदी बरोबर, भोकं जागच्या जागी. होमिंग हे थोतांड आहे, सिद्ध.
बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, अहो, दूध उतू जातंय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. दुपार.
जेवणाच्या सुट्टीत वीज गेली, आली. वर्क झिरोचे आकडे मेमरीत शाबूत. स्वतः पाहिले. मग पुन्हा होमिंग कशाला? स्टार्ट दाबलं. ड्रिल प्लेट सोडून थेट व्हाइसमध्ये, प्लेट धरणाऱ्या लोखंडी जबड्यात घुसलं. हिशेबनीस बाई चहा सांडून धावत आल्या.
मेहुणी म्हणाली, आकडे शाबूत आहेत, पण ते होमपासून, त्या कोपऱ्यापासून मोजलेले. वीज गेली की मशीन जिथे उभं असेल त्यालाच होम समजून बसतं.
मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे.
व्हाइस मुळात नको तिथे बसवलेला आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
पंपाच्या कव्हर प्लेटांची ऑर्डर सोमवारी जायलाच हवी. मागच्या वेळी उशीर झाला, गिऱ्हाईक तुटता तुटता राहिलं. मालक काळजीत. मी छाती काढून म्हणालो, उद्या मी एकटा करतो. मेहुणी काही बोलणार होती, तिला हातानेच थांबवलं.
संध्याकाळी बायको म्हणाली, एकदा तिला विचारून तर घ्या. फोन लावायलाही निघाली. मी ठेवायला लावला. माझ्या कामाचा निकाल माहेरच्या फोनवर लागणार नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर
सगळ्यांच्या आधी पोचलो. लाल सूचना रद्द. वर्क झिरो कालचाच, मेहुणीने घेतलेला. मशीनही तिने काल होमच्या अगदी जवळ उभं केलेलं. म्हणजे जवळजवळ होमिंग झाल्यासारखंच.
दिवसभरात सगळ्या प्लेटांना भोकं पाडली. कुठे आपटणं नाही, आदळणं नाही. मालकांना हाक मारून बोलावलं. मेहुणीने एक प्लेट पंपावर ठेवली. बोल्ट जाईना. दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. सगळी भोकं एका अंगाला सरकलेली.
पण सगळ्या प्लेटांवर सारखीच! एका केसाचा फरक नाही. याला अचूकता नाही तर काय म्हणतात? मी सुचवलं, ड्रॉइंग बदलून घेऊ. मालक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. सूचना त्यांच्या मनात घोळत असावी.

रविवार, १० नोव्हेंबर
सुट्टी. तरी गेलो. मेहुणी आधीच हजर. घरी पाहुणे टाकून आलेली. मालक विचारत होते, चूक झाली कशी? ती म्हणाली, आम्ही दोघं मिळून दुरुस्त करतोय, आधी काम होऊ द्या. माझं नाव घेतलं नाही. मला राग आला. मी काही तिची दया मागितली नव्हती.
तिने होमिंग केलं, झिरो घेतला आणि जादा मागवून ठेवलेल्या कोऱ्या प्लेटा चढवल्या. मी कानस घेऊन कडा घासत बसलो. कोणीतरी करायलाच हवं. बोल्ट सरळ आत गेले. म्हणाली, भाऊजी, तुमच्यासारखी कड मला जमत नाही. असल्या गोडबोलेपणाला मी भुलत नाही.
कड मात्र खरंच सुरेख आली होती.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
ऑर्डर काल वेळेवर गेली. इन-चार्ज मेहुणी. निषेध म्हणून तिच्याशी अबोला धरला. दुपारी ड्रिल बदलल्यावर उंचीचा झिरो कसा घ्यायचा ते विचारावं लागलं. तिने दोनदा दाखवलं. तेवढं सोडून अबोला कडक.
बायको म्हणते, तिचं अभिनंदन करा. बघू म्हणालो. राजीनाम्याचा विचार पक्का. योग्य वेळी देईन.

बुधवार, १३ नोव्हेंबर. सकाळ.
मशीन चालू केलं. लाल सूचना आली. शेडमध्ये कोणी नव्हतं. होमचं बटण दाबलं. मशीन सावकाश कोपऱ्यात गेलं आणि थांबलं. सूचना गेली.
कोणी विचारलं तर पुसताना हात लागला म्हणून ठणकावून सांगणार होतो. दिवसभर तयारीत राहिलो.
कोणी विचारलंच नाही.