मागची डावी बाजू

डिंडोली, सुरत
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. शोभाताईस सुकदेवचा शि. सा. न.

फोनवर बोलावं तर लेक गायत्री कान लावून असते, म्हणून लिहितो. तिला बाळंतपणाला तुझ्याकडे अमळनेरला आणायचं ठरलंच आहे. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, तेव्हा रेल्वे नको, गाडीनंच आणतो. पण नवागामच्या वळणावर मागचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर आपटलं आणि गाडी त्या कोपऱ्यात बसली ती बसलीच. उजवीकडे टायर नि मडगार्डमध्ये मूठ जाते, डावीकडे बोट शिरत नाही. लखन मिस्त्रीनं स्प्रिंग बदलली, शॉकअप बदलला, मग डाव्या-उजव्याची अदलाबदल करून पाहिली. तरी डावीच खाली. काल त्यानं गाडीखालून ओरडून सांगितलं, की मागच्या बाईंना जरा उतरवा. मागं कोणी नव्हतं. बाई कशावरून, हे विचारायचं धाडस झालं नाही.

काय करू, ते कळव. धाकट्यावर माया असू दे.
सुकदेव

अमळनेर
७ नोव्हेंबर

चि. सुकदेवास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, मग दार लावून पुन्हा वाचलं. फुटपाथ रस्त्याच्या कडेला असतो, हे इतकी वर्षं सुरतेत राहून तुला चाकाकडून कळलं. आणि गायत्रीची आई वरून येऊन मागं बसली, असं समजून डोळे पुसत बसू नकोस. जयश्री असती तर तुझी गाडी चालवण्याची तऱ्हा बघून इतका वेळ गप्प बसली नसती. ही दुसरीच कोणीतरी आहे.

दुसरी गाडी बघ. नाहीच मिळाली तर पोरीला पुढं बसव. तिचे पाय सुजलेत, रक्तदाब चढलाय, तिला अवाक्षर सांगू नकोस.
तुझी ताई

डिंडोली
१६ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस शि. सा. न.

तुझ्याकडे आलो तेव्हा गायत्रीसमोर बोलता येईना. दुसरी गाडी मिळाली नव्हती. मी पुढचं दार उघडून धरलं, पण ती आपणहून मागं डावीकडे गेली. तिनं दार उघडलं आणि गाडीची डावी बाजू उचलली, उजवी खाली गेली. कोणीतरी सरकून जागा दिली, ताई. वाटेत पोर झोपली. मान सीटच्या मध्याकडे कललेली, खाली आधार काही नाही, आणि एवढ्या खड्ड्यांत ती मान हलली नाही.

परतताना गाडी सरळ. आता दोन्हीकडे मूठ जाते. लखन म्हणतो, स्प्रिंग आता बसली. श्रेय घेऊ दे त्याला.

गायत्री कशी आहे?
सुकदेव

अमळनेर
२१ नोव्हेंबर

चि. सुकदेवास आशीर्वाद.

तुझी गाडी सरळ झाली, माझी बाज वाकडी झाली. गायत्री भिंतीकडे निजते आणि दुसऱ्या, रिकाम्या कडेची दोरी लोंबते. पोरीची सूज उतरली, रक्तदाब खाली आला, नर्सबाई माझ्या हाताचा गुण म्हणतात. मी मान डोलावते. म्हणून तर त्या दुसरीला हाकललं नाही. पण बाळ झाल्यावर ही या सोबतीच्या बदल्यात काय मागेल, या धास्तीनं मला जेवण जात नाही.

काल दुपारी त्या कडेला टेकायला गेले, तर गायत्री डोळे मिटूनच म्हणाली, की आत्या, थांब, तिला आधी उठू दे. दोरी वर आली. मी बसले नाही.

तू लवकर ये. आणि तोवर आम्हा तिघींवर लोभ ठेव.
तुझी ताई