मंजुळाबाईंच्या नावाचा फलकावरील कागद

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सुबोध शालेय बाक निर्मिती केंद्र,
पिंपळगाव राजा रस्ता, ता. खामगाव, जि. बुलढाणा.

अर्जदार : निवृत्ती पुंजाजी उमाळे, मुख्य सुतार, घासकाम विभाग.

विषय : श्रीमती मंजुळाबाई पुंडकर यांच्याबाबत सूचना फलकावर लावलेला कागद काढणे व घासकाम विभागात सुती अंगरखे वापरू देणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ फेब्रुवारी, १० मार्च व ७ एप्रिल २०२५.
२) मला मिळालेली नोटीस दि. ९ जून २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की, मी या केंद्रात एकोणीस वर्षांपासून सुतारकाम करीत आहे. ‘विनापरवाना गणवेश परिधान केल्याबद्दल’ आपण माझा खुलासा मागितला आहे. खुलासा द्यायचा तर सुरुवातीपासून सांगावे लागते, आणि सुरुवातीपासून मी तीन वेळा सांगितलेले आहे. तरी चौथ्यांदा सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर बाकांसाठी सागवान बंद होऊन एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा चिकटवून दाबलेल्या, पाट्या येऊ लागल्या. सागाचा भुसा झटकला की अंगावरून निघून जात असे. या पाट्या मशीनवर घासल्या की मैद्यासारखी भुकटी उडते, घामावर बसते आणि लेपासारखी वाळते. आमचा गणवेश अर्ध्या बाह्यांचा. जानेवारीअखेर आम्हा सहापैकी चौघांच्या मानेवर व कोपरांच्या आत लाल चट्टे उठले. सर्वांत जास्त त्रास मंजुळाबाईंना झाला. त्या अकरा वर्षांपासून घासकाम करतात. पाटीवरून तळवा फिरवून कुठे खडबड राहिली ते त्या न पाहता सांगतात. त्याच तळव्यांना भेगा पडून रक्त येऊ लागले.

म्हणून पहिल्या अर्जात मी पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, तोंडावर बांधण्यास मास्क, हातपाय धुण्यास नळ व साबण मागितला. तसेच काम सुटताना हवेच्या पाइपने अंग साफ करण्याची पद्धत बंद करावी, असे लिहिले, कारण त्या हवेने भुकटी कातडीत आणखी रुतते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा रेनकोट आले. भांडाराच्या यादीत ‘संरक्षक वस्त्र’ या नावाखाली तेवढीच एक वस्तू असल्याचे समजले. ते घालूनच काम करावे, असा आदेशही सोबत होता.

दुसऱ्या अर्जात मी लिहिले की, रेनकोटच्या आत घाम साचतो, मनगटाकडून भुकटी शिरते आणि दोन्ही मिळून अंग भाजल्यासारखे होते. त्यावर, ‘रेनकोट गळत असल्याची तक्रार अर्जात नमूद नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे’ असे उत्तर आले. ते उत्तर मी जपून ठेवले आहे. ४ एप्रिल रोजी दुपारी पारा त्रेचाळीसवर असताना आमचा सहकारी उद्धव हा रेनकोटासह मशीनजवळ चक्कर येऊन पडला. आम्ही रेनकोटची बटणे काढली तेव्हा आतून पाणी ओघळले. तिसऱ्या अर्जानंतर रेनकोटची सक्ती उठली आणि रबरी हातमोजे आले. ते चक्री करवतीवरही घालण्याचा आदेश झाला. करवत फिरत असताना मोज्याचे टोक अडकले तर हात आत ओढला जातो, म्हणून मी ते घालण्यास नकार दिला. त्याबद्दलची ताकीद माझ्या फाईलला आहे आणि माझी दहाही बोटे जागेवर आहेत.

येथवर मी गप्प बसलो असतो. परंतु २ मे रोजी फाटकाजवळच्या सूचना फलकावर कागद लागला की, मंजुळाबाईंना ‘संसर्गजन्य त्वचारोग’ असल्याने त्यांनी विभागात येऊ नये व इतरांनी त्यांची भांडी हाताळू नयेत. त्यांना कोणत्याही डॉक्टरने तपासलेले नव्हते. आपला फलक रस्त्याच्या तोंडाला आहे, शेजारीच बसथांबा आहे. दोन दिवसांत सारे गाव वाचून गेले.

१२ मे रोजी मंजुळाबाईंच्या भाचीचे लग्न होते. त्या नेहमीप्रमाणे कणीक मळायला बसल्या. त्यांच्या भावजय सिंधूताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “बाई, तुमी तिकडं पंख्याखाली बसा. कणीक आमी पाहून घेतो.” त्या उठल्या आणि अक्षता पडण्याआधीच घरी आल्या. संध्याकाळी माझी पत्नी वच्छलाबाई भेटायला गेली, तेव्हा तिला म्हणाल्या, “मले कोनी हाकललं नाही वच्छला. सारे गोडच बोलले. पन मी निंघाली तं राहा कोनी म्हनलं नाही.”

हे ऐकून पत्नीने दुसऱ्या दिवशी मांजरपाट आणला व आमच्या सहाही जणांसाठी अंगरखे शिवले. बाह्या पूर्ण, मनगटाला इलॅस्टिक, गळा बंद. ते कारखान्यातच काढून ठेवायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, चहाआधी साबणाने हात धुवायचे आणि मग खोबरेल लावायचे, असे आम्ही आपसांत ठरविले. उद्धवचे व माझे चट्टे जूनच्या आत वाळले. नोटिशीतील विनापरवाना गणवेश तो हाच.

२० मे रोजी मी व पत्नी मंजुळाबाईंना शेगावला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उजेडात नीट पाहिले. हा भुकटीने झालेला त्रास आहे, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असा दाखला दिला. औषध काय, पथ्य काय, याबद्दल मंजुळाबाईंनी काही विचारले नाही. परतीच्या बसमध्ये एवढेच म्हणाल्या, “डॉक्टरनं मोजे नाही घातले, निवृत्तीभाऊ.”

तो दाखला मी २२ मे रोजी आपल्या कार्यालयात दिला. त्यावर लेखी उत्तर मिळाले की, फलकावरील कागदास जावक क्रमांक नाही, सबब असे कोणतेही पत्र कार्यालयातून निघालेले नाही, आणि जे निघालेले नाही ते मागे घेता येत नाही. मी हे उत्तर तीनदा वाचले. नंतर फाटकाजवळ जाऊन कागदही वाचला. तो होता तिथेच होता.

काल रविवारी मी मंजुळाबाईंना कामावर परत येण्याबद्दल विचारले. त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो : “काम मी कोठंबी करीन. दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाईन. पयले तो कागद काढाले लावा. माहं नाव हाये त्याच्यावर.”

महोदय, अंगरख्यांबाबत मी दोषी आहे असे आपले मत असल्यास मला शिक्षा द्यावी, मात्र इतरांच्या अंगावरून ते उतरवू नयेत. माझा अंगरखा मी जमा करण्यास तयार आहे. मला मोबदला, बदली वा पदोन्नती काही नको. आता एकोणीस वर्षे झाली, अर्ज लिहिण्याचाही थकवा येतो.

कागदाबद्दल एवढेच की, जे पत्र निघालेच नाही ते मी आज सकाळी नऊ वाजता फलकावरून काढले. काच फोडलेली नाही. चार स्क्रू सोडवले, कागद घेतला, स्क्रू पुन्हा कसले. मंजुळाबाईंना कोणताही संसर्गजन्य रोग नाही, अशा मजकुराचे नवे पत्र मी सोबत तयार करून दिले आहे. शब्द कमीजास्त करावयाचे असल्यास करावेत. त्यावर जावक क्रमांक व आपली सही तेवढी व्हावी. स्क्रू काढण्यास मी पुन्हा येईन.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
निवृत्ती पुंजाजी उमाळे
दि. १६ जून २०२५

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) कार्यालयाची दोन उत्तरे.
३) फलकावरील मूळ कागद.
४) नव्या पत्राचा मसुदा, दोन प्रती. एक फलकासाठी, एक मंजुळाबाईंना घरी ठेवण्यासाठी.