एसिहातली दुपार

यान्बू, १९ ऑगस्ट २०१७

प्रिय बद्रू,

माझ्या खोलीतला ताजुद्दीन उद्या रजेवर गावी निघतोय, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतोय. फोनवर तू "बरे आहात ना?" विचारतेस आणि मी "हो" म्हणून मोकळा होतो. कागदावर तसं करता येत नाही.

कंपनीने मला पंधरा दिवस स्पेनला, पंपांच्या कारखान्यात पाठवलं, तेव्हा तुला ती बढती वाटली. तू शेजारी शरफुन्निसाकडे मिठाईसुद्धा पाठवलीस. मी तुला थांबवलं नाही. खरं तर मला मिशालसोबत पाठवलं होतं. मिशाल इथलाच, सौदी, तिशीतला. पंपांचं माझं काम त्याला शिकवायचं आणि शिकवून झालं की माझ्या खुर्चीत तो बसणार. सौदीकरणात आमच्या खात्यातले परदेशी एकेक करून सगळे असेच गेले. मीच उरलो होतो.

मधल्या रविवारी मिशाल म्हणाला, जवळच एसिहा नावाचं जुनं गाव आहे, बघून येऊ. मला झोपायचं होतं, पण गेलो. तीन वाजता बसमधून उतरलो तर उन्हाने गाव चिडीचूप. यान्बूचं ऊन सोसलेला माणूस मी, तरी भोवळ यायची वेळ आली. मान वर करावी तिकडे चर्चचे मनोरे, अकरा आहेत म्हणे. अडीचशे वर्षांपूर्वी भूकंपात पडझड झाली, तर लोकांनी ते पहिल्यापेक्षा नटवून पुन्हा उभारले. निळ्या फरश्या, दगडात कोरलेली वेलबुट्टी, टोकावर करकोच्यांची घरटी. एका हवेलीची बाल्कनी रस्त्याबरोबर वळत गेलेली, आपल्या मोहल्ल्याएवढी लांब. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं झाडायचं कुणी?

एका मनोऱ्याच्या भिंतीत अरबी अक्षरांचे दगड बसवलेले दिसले. वळण इतकं जुनं की मिशाललाही वाचता येईना. हजार वर्षांपूर्वी कुणी गावासाठी पाण्याची सोय केली, त्याची ती नोंद, असं त्याने फोनवर शोधून सांगितलं. मी पायरीवर सावलीत बसलो होतो. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "नौशादभाई, मी मोठ्या साहेबांशी बोललोय. तुम्ही अजून दोन वर्षं राहा. मला एकट्याला जमणार नाही."

बद्रू, हे ऐकायला मी सहा महिने आसुसलो होतो. पण तोंडातून निघालं, "तुला जमेल. मी थकलोय." घरी विचारून सांगा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, विचारायचं काही नाही.

विचारायला हवं होतं. आपल्या आकिबचं कॉलेज संपायला दोनच वर्षं राहिलीत. तू "राहा" म्हणशील, या भीतीनेच विचारलं नाही. काल फायनल एक्झिटच्या कागदावर सही केली. नऊ सप्टेंबरला येतोय, कायमचा. तेवीस वर्षं मी तुझ्याकडे दरसाल पंचेचाळीस दिवसांचा पाहुणा होतो. तू माझ्या आवडीचं रांधलंस, माझ्यावर कधी चिडली नाहीस. आता रोज सकाळी घरात एक माणूस असेल, ज्याला चहाचा डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही. राग येईल, यायलाच हवा. या वेळी तो गिळू नकोस. मला परत जायचं नाहीये, सावकाश भांड.

तुझाच,
नौशाद