दुपट्याला धुरीचा वास

हिंगोली, ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,

शिवकन्येचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा नातू मुन्ना आता बरा आहे. ऑक्सिजन काढला, अंगावर पिऊ लागला. परवा घरी सोडतील. सिस्टर दिसली की भोकाड पसरतो, मी आत्या असले तरी माझा हा नर्सचा वेष बघून मलाही सोडत नाही.

फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून विकासदादा घरी परत नेतो त्या रिकाम्या जेवणाच्या डब्यात ही चिठ्ठी ठेवते.

लेकरू घरी सोडताना आम्ही त्याच्या आईला, आजीला बाकावर बसवतो. धूर नको, औषध अर्धवट सोडू नका, श्वास घेताना छाती आत ओढली गेली तर लगेच आणा, असं सांगतो आणि मग त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. मागच्या खेपेला मुन्नाला घरी सोडताना तुझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांसमोर तोरा मिरवला, की माझ्या आईला काय शिकवायचं, पाच लेकरं वाढवलीत तिनं. तुला चहा पाजला आणि गाडीत बसवलं.

या खेपेला डॉक्टरांनी घरात धूर असतो का विचारलं, तेव्हा तू तोंड उघडायच्या आत मीच नाही म्हणाले. मग दुपटं बदलताना ओव्याच्या धुरीचा वास आला. तरी गप्प बसले. अंगावर पाजणाऱ्या केतकीवहिनीनं ताक पिलं म्हणून लेकराची छाती भरली, असं तू वॉर्डात सर्वांदेखत बोललीस, तेव्हाही गप्पच. वहिनी रडत होती आणि मी शेजारी सलाईन नीट करत होते. आई, मला माझीच लाज वाटते.

आज डॉक्टरांना खरं सांगितलं. वहिनीला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
शिवकन्या

कुरुंदा, १२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या हिस,

सखुबाईचे अनेक आशीर्वाद. उद्या तोंड दाखवायच्या आधी हे तुला पोचावं म्हणून विकासच्याच हाती देते.

धुरी मीच दिली, दार लावून. तुमा सगळ्यांना दिली होती, कोणाला काही झालं न्हाई, असं मनाशी म्हणत होते. पण दवाखान्यात आणलं त्या दिवशी लेकरू खोकून खोकून निळं पडलं, तेव्हाच मला कळलं होतं. तरी केतकीचं नाव घेतलं. काहून, तर नर्सबाईची माय चुकली असं कोणी म्हणू नये. बाई, लई हलकं काम झालं माझ्या हातून.

आज केतकीला फोन लावला. बोल लावला तो वॉर्डात, म्हणून फोनचा आवाज मोठा करून तिथल्या सगळ्या बायांना ऐकव म्हटलं आणि माझी चूक सांगितली. तिनं एवढंच विचारलं, की आता ताक पिऊ का.

उद्या मला बाकावर बसव आणि सगळ्यांना विचारतेस तसं विचार. चुकले तर लेकरू माझ्याजवळ देऊ नको. केतकीसाठी ताकाचा तांब्या घेऊन येते.

आहे तशी माया राहू दे.

तुझी आई