विचारायला काय लागतं?

बाबा, मी आता आयर्लंडमध्ये असते, पोर्टलीश नावाच्या गावात. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा माझा पासपोर्टसुद्धा निघाला नव्हता. २०२१ चा जानेवारी चालू आहे. जगभर साथ आली आहे, आणि माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर आहे. आमच्या वरच्या खोलीतून हॉस्पिटलचं छप्पर दिसतं, पण भेटायला कुणालाच सोडत नाहीत, आणि मी तर स्वतःच खोकतेय, मला फाटकाबाहेर पडायचीही बंदी. तुम्ही ह्याला पाहिलेलं नाहीत. बरा आहे. लिक्सलिप गावच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात आहे, रोज गाडी हाणत जातो. तुमच्यासारखा वाचत नाही, पण पोळ्या माझ्यापेक्षा बऱ्या लाटतो. मला भीती वाटतेय, बाबा. सरळच सांगते, आडून सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही.

आडून बोलणाऱ्या पुस्तकांवर तुमचा केवढा राग होता! चिंचवडचं आपलं स्वयंपाकघर. तुम्ही कंपनीतून आलात, चहाची कपबशी घेऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसलात, आई पोळ्या लाटतेय, मी भांडी पुसून ठेवतेय, आणि तुम्ही लायब्ररीची कादंबरी मोठ्याने वाचताय. कानावर पेन्सिल. छापायची चूक दिसली की तुम्ही ती तिथेच सुधारणार, लायब्ररीच्या पुस्तकात, बिनदिक्कत. छापणाऱ्याची चूक मी माफ करतो, म्हणायचात, लिहिणाऱ्याची करत नाही. नायिका आरशासमोर उभी राहून स्वतःच्याच डोळ्यांचं वर्णन करायला लागली की तुमचा पहिला सुस्कारा. पाच वर्षांचं पोर म्हाताऱ्यासारखं शहाणपण सांगायला लागलं की दुसरा. तेवढं तुम्ही सोसायचात. पण गैरसमज आला की खलास! तिने त्याला परक्या बाईशी बोलताना पाहिलं, आता ती शेवटच्या प्रकरणापर्यंत झुरणार, तोंडातून अवाक्षर काढणार नाही. "अगं, विचार की त्याला!" तुम्ही पुस्तकावर ओरडायचात, रस्त्यावर ऐकू जाईल असं. "घाबरत असेल हो ती," आई लाटणं न थांबवता म्हणायची. "घाबरायचं काय त्यात? विचारायला काय लागतं? दोघांनी एकदा नीट बोलावं, की संपलं पुस्तक!" आणि फाटकन मिटायचात. दुसऱ्या दिवशी पुस्तक अर्धवट परत. मधल्या दुपारी आई ते गुपचूप संपवून टाकायची, हे तुम्हाला कधी कळलं नाही. तिला त्या न विचारणाऱ्या बायकांची कीव यायची आणि तुमचं हसू.

आता ऐका. आज सकाळी ह्याचा मेसेज आला. दोन शब्द: "ऑक्सिजन वाढला." बस. वाढला म्हणजे चांगलंच ना? रक्तातला वाढला, बोटाला लावतात त्या यंत्रावर आकडा चढला. मी लगेच कळवलं, "अरे वा!" पुढे अंगठा. पाठवलं आणि मग डोक्यात किडा वळवळला. बाबा, त्याला "वाढवला" म्हणायचं असेल तर? डॉक्टरांनी वाढवला, म्हणजे आधीचा पुरेना म्हणून जास्त लावला. एका "व"चा फरक. तापात, मास्क लावून, उशीवर फोन टेकवून टाइप करणाऱ्या माणसाचा एक "व" सहज राहील. आणि मी त्यावर अंगठा दाखवला! तुम्ही असतात तर पेन्सिल घेऊन बसला असतात: इथे "व" हवा की नको? मी तो मेसेज इतक्यांदा वाचला की अक्षरंच ओळखू येईनात. त्यात आणखी आईची सवय आठवली. बांगडी फुटली तर ती फुटली म्हणायची नाही, वाढली म्हणायची. डब्यातले तांदूळ संपले तरी वाढले. म्हणजे वाढला म्हणजे संपलासुद्धा! मूर्खपणा आहे, कळतंय मला. इंजिनिअर आहे मी. तरी फोन उचलून ओट्यावर पालथा घातला.

दारात शेजारची बाई सूप ठेवून गेली. सत्तरीची असेल, दार वाजवते, मग मागे जाऊन कुंपणाच्या पलीकडे उभी राहते आणि ओरडून विचारते, "हिमसेल्फ कसा आहे?" हिमसेल्फ म्हणजे माझा नवरा. इथल्या जुन्या बायका घरच्या पुरुषाला असंच म्हणतात, नाव न घेता, अगदी आई तुम्हाला "हे" म्हणायची तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं, आणि ती खूप वेळ हसली होती. आज मी म्हटलं, "ग्रँड." इथे सगळं ग्रँड असतं, म्हणजे ठीकठाक, चाललंय. पण म्हातारीला माझा आवाज कळला. "तू हॉस्पिटलला फोन केलास का, पेट?" पेट म्हणजे इथलं लाडाचं "बाळ". मी म्हटलं, ते कामात असतील, कशाला त्रास. "त्रास कसला? त्यांना सवय असते. विचारायचं, बस. विचारून टाक." बाबा, तुमचाच सूर. फक्त डोक्यावर लोकरीची टोपी. मी हो हो म्हटलं, सूप आत आणलं, गरम केलं, प्यायले नाही.

तेव्हापासून फोन पालथाच आहे. हॉस्पिटलचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, मला पाठ झालाय. दोन मिनिटांचं काम. मेसेज करून ह्यालाच विचारता येईल: अरे, वाढला की वाढवला? तेही करवत नाही. उत्तर येईपर्यंत दोन्ही अर्थ जिवंत आहेत, आणि त्यातला एक माझा आहे. उत्तर आलं तर तो जाईल. आई बरोबर होती. घाबरतात हो त्या.

आणि तुम्ही तरी! इतकी वर्षं हे बोलले नव्हते, आज बोलते. तुम्ही ससूनला होतात, खिडकीकडची खाट. मी शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर. सकाळी मोठे डॉक्टर आले, कागद पाहिले, चष्मा काढला, आणि चांगल्या आवाजात म्हणाले, "काका, काही विचारायचंय का?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी. मला वाटलं, आता विचारणार. आयुष्यभर पुस्तकांवर ओरडलेला माणूस, हा सोडतो की काय! तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "हा पंखा फार आवाज करतो हो." आई जमिनीकडे बघत राहिली. "सांगतो त्यांना," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मला तुमचा असा राग आला होता की जिन्यात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्टूल घेऊन आलं, पंख्यात तेल घालून गेलं. पंखा गप्प झाला, मग आपण सगळेच गप्प झालो. तुम्ही जाईपर्यंत आपण तिघं कैरीचं लोणचं, माझी परीक्षा आणि लायब्ररीला परत करायची राहिलेली पुस्तकं यांच्यावर बोललो. त्या खोलीतलं एकच विचारण्यासारखं कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? आज मात्र राग नाही राहिला. तुम्ही वर पंख्याकडे का पाहिलंत ते मला आज ओट्याजवळ बसून कळतंय.

तर हे पत्र. तुम्हाला वाटेल, इतक्या वर्षांनी लेकीला आठवण आली. आठवण रोजच येते, त्यासाठी कोण कागद घेऊन बसतं? फोन करावा लागू नये म्हणून लिहितेय मी. हात कामात ठेवलाय. आणखी दोन पानं सहज भरेन, इथल्या हवेबद्दल, दळण कुठून आणते त्याबद्दल. पण तुम्हाला अर्धवट शेवटही चालायचे नाहीत. लेखकाने असं हात झटकून निघून जाणं म्हणजे लबाडी, म्हणायचात. थांबा. करते फोन. मग पुढचं लिहिते.

केला. तरुण मुलगी होती, नर्स, बोलण्यावरून केरी परगण्याकडची असावी, इतकं भरभर बोलत होती की दोनदा परत विचारावं लागलं. विचारलं मी, बाबा! वाढला की वाढवला, हे इंग्रजीत कसं विचारायचं ते आधी तोंडातल्या तोंडात घोकून मग विचारलं. तर दोन्ही. पहाटे ह्याचा आकडा खाली गेला म्हणून त्यांनी ऑक्सिजन वाढवला, आणि त्याने आकडा वाढला. "व" असला तरी बरोबर, नसला तरी बरोबर. आत्ता झोपलाय, दमलाय. टोस्टचा अर्धा तुकडा खाल्ला. वॉर्डातच ठेवायचं की आयसीयूत हलवायचं, ते डॉक्टर संध्याकाळी ठरवतील आणि मला फोन करतील. एवढं सगळं तिने नीट सांगितलं. मग एकदम सावकाश, अगदी ससूनच्या त्या डॉक्टरांच्या आवाजात म्हणाली, "आणखी काही विचारायचंय का, लव्ह?"

आता एकच उरलं होतं. तिलाही माहीत होतं, मलाही. मागे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं. माझ्या जिभेवर तो प्रश्न आला, आणि मी विचारलं, "त्याच्या खोलीत पंखा आहे का?"

"फॅन?" ती म्हणाली. "जानेवारीत?" आणि हसली बिचारी, चांगलं हसली. नाही म्हणाली, इथे पंखे नसतात.

पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही. प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, चहाच्या डब्यामागे ठेवते. फोन उताणा ठेवलाय, समोरच आहे. शेवट मला माहीत नाही. पंख्याचंच विचारलं मी, बाबा, तुमचीच मुलगी. ओरडा हवं तर. पण संध्याकाळपर्यंत पुस्तक मिटू नका.