शिवथरच्या शिबिराआधी

प्रिय आबा,

हे पत्र मंगेशच्या हाती पाठवतेय. पहिली पाळी सुटली की तो एमआयडीसीतून तसाच मोटारसायकलवर शिवथरला येईल, ओटीवर पत्र ठेवील आणि परत फिरेल. जावयाला दारातून कसं पाठवायचं म्हणून आई आग्रह करेल, पण त्याला आत घेऊ नका. त्याच्या खात्यातले दोघं तापाने पडलेत. तो बरा आहे, पण हल्ली बरा असलेल्या माणसाचीही मला खात्री वाटत नाही. फोनवर आपलं बोलणं होत नाही, हे तुम्हांलाही माहीत आहे. मी कोरोनाच्या लसीचं नाव काढलं की तुम्ही आईच्या हातात फोन देता. मग आई आंब्याचं, कोंबड्यांचं सांगत राहते, मी हो हो म्हणते आणि मागून तुमचा खोकण्याचा आवाज येतो का, तिकडे कान लावून बसते.

महादूकाका गेले त्याला आता बरेच दिवस झाले. तुमचा मावसभाऊ, पण सख्ख्या भावाहून जवळचा, आणि त्यांच्याबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते आज लिहिते. आंबेनळी घाटाखालच्या त्यांच्या गावात मार्चमध्ये आमचं पहिलं शिबिर होतं. शाळेच्या पडवीत टेबल मांडून मी आणि आमचे डॉक्टर बसलो होतो, पण माणूस यायला तयार नव्हता. लसीची एक कुपी फोडली की दहा जणांना पुरते, आणि काही तासांत संपवावी लागते, म्हणून फोडताही येईना. लोक लांब आंब्याखाली उभे राहून आमच्याकडे बघत होते. कुणाच्या मोबाइलवर लस घेऊन माणूस जागीच पडल्याचा व्हिडिओ आला होता, तो एकमेकांना दाखवत होते. तेवढ्यात काका आले, शर्टाची बाही वर करतच. मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "येसाजीची पोर हाय ही. हिच्या हातानं काय वाईट होनार नाय." त्यांना टोचलं आणि त्यांच्यामागून बाकीचे एकेक करत आले. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, तेवढ्या वेळात काकांनी तुमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. घाटातला रस्ता दुरुस्त होत होता तेव्हा तुम्ही दोघं डांबराच्या रिकाम्या पिंपात लपला होतात आणि घरी गेल्यावर आजीने रॉकेल लावून तुम्हांला घासलं होतं, ती गोष्ट. मी किती हसले. जाताना म्हणाले, "बापाला सांग, मी घेतली. आता त्याची पाळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणून ते शेतात पाला पसरत होते, तिथेच पडले. मला फोन आला तेव्हा मी पोलादपूरला होते. जीप पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मयताला तुम्ही आलात. मी अंगणाच्या कडेला उभी होते आणि माझ्याभोवती कुणी उभं राहत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "सुई टोचली नि मानूस गेला, आजून काय बगायचं?" कुणी त्याला गप्प केलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू घरी जा." बस्, तेवढंच. लोकांनी मला काही करू नये म्हणून तुम्ही तसं म्हणालात, की मी तुमच्या नजरेसमोर नको होते, हे मला अजून कळलेलं नाही. बसमध्ये बसले आणि पोलादपूर येईपर्यंत हात पदराखाली धरून ठेवले. कुणी ते हात ओळखेल असं वाटत होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, लसीचा संबंध नाही. वरून चौकशी झाली, तिथेही तेच निघालं. मलाही ते पटतं. तरीसुद्धा मी ती दुपार मनात शंभर वेळा उलटीपालटी केली. कुपी, तारीख, बर्फाचा डबा, सुई, दंडावरची जागा, सगळं. काही चुकलेलं नव्हतं, पण चुकलेलं नाही हे कळलं म्हणून भीती जात नाही. पुढच्या शिबिरांना गावं आमची जीप बघून रिकामी व्हायची. घरांना बाहेरून कुलूप आणि आत चुलीचा धूर. एका ठिकाणी एक म्हातारी पेंढ्याच्या उडवीमागे अंग चोरून बसलेली दिसली. मी जवळ गेले तर तिनं हात जोडले. "मला नको मारू गो बाय," म्हणाली. तुमच्या वयाची असेल. मी पाठ फिरवून जीपमध्ये येऊन बसले. त्या दिवसापासून टोचायच्या आधी मी कुपीवरची तारीख तीनतीनदा वाचते. मंगेश म्हणतो, सोड ही नोकरी. मी त्याच्यावर चिडते, कारण माझ्याही मनात तेच येतं.

एप्रिलच्या शेवटी महादूकाकांच्या ठकूकाकू आमच्या उपकेंद्रात आल्या. गुडघ्याच्या गोळ्या हव्यात म्हणाल्या. कपाळ मोकळं, अंग अर्धं झालेलं. गोळ्या दिल्या तरी उठेनात. बाकीची माणसं गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि सांगितलं की काकांच्या छातीत संक्रांतीपासून कळ येत होती. बांध चढताना दम लागायचा, डावा हात भरून यायचा. काका तालुक्याला दाखवायला निघालेही होते. काकूंनीच जाऊ दिलं नाही. दवाखान्यात नेलं तर कोरोना म्हणून ठेवून घेतील, मग माणूस परत दिसणार नाही, शेवटचं पाणीसुद्धा पाजता येणार नाही, या भीतीनं. "मीच आडवलं गो त्यान्ला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. टोचायच्या आधी डॉक्टरांनी काकांना विचारलं होतं, काही त्रास आहे का. काका नाही म्हणाले होते. काकूंना मी म्हटलं, तुमचा दोष नाही. त्या म्हणाल्या, "दिरांना कळलं तर मला घरात ठेवनार नायत. कुनाला सांगू नको." मी नाही सांगणार म्हणाले.

आबा, ते एक वाक्य गावात सांगितलं असतं तर माझ्यावरचं सगळं गेलं असतं. तोंडावर आलंही होतं कितीदा. पण गावाने मला दोष दिला तरी संध्याकाळच्या बसनं मी निघून जाते. काकूंना तिथेच राहायचंय, त्याच विहिरीवर पाणी भरायचंय. म्हणून गप्प राहिले. मात्र आमच्या डॉक्टरांना काकांचं नाव न घेता विचारून पुढच्या शिबिरांपासून मी एक बदल केला. आता पुरुषांना छातीचं, दम लागण्याचं विचारायचं झालं तर त्यांच्या बायकांनाही बाजूला घेऊन विचारते.

आणि मग मुरारी. घाटाखालच्या फाट्यावर त्याचं किराणा दुकान होतं, तुम्ही बघितलंय. काका गेल्यावर सगळं गाव तोंड फिरवत होतं, तेव्हा हा माणूस मला दुकानात बसवून पाणी द्यायचा. लसीचं मात्र पुढे ढकलायचा. आंब्याचं आटोपू दे, लग्नाचा माल जाऊ दे, मग घेतो. लस वाईट आहे असं तो कधी म्हणाला नाही, घाबरला होता इतकंच. मे महिन्यात त्याला ताप आला, त्यानं दुकान बंद न करता अंगावर काढला. दवाखान्याची गाडी बोलावली तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी पीपीई घालून त्याला आत चढवत होते. त्यानं मास्कमधूनही मला ओळखलं कसं कुणास ठाऊक. श्वास पुरत नव्हता, तरी विचारलं, "सिस्टर, आता दिलीस तर चालेल का?" आबा, आजार झाल्यावर ती देता येत नाही. मी म्हटलं, बरे होऊन या, पहिली तुम्हांलाच देते. त्यानं मान हलवली. महाडला पोचला, पण परत आला नाही. त्याच्या बायकोला पिशवीत बांधलेला देह लांबून दाखवला. ठकूकाकूंना ज्याची भीती होती, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

परवा आईशी बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं. वाडीत आरोग्याची माणसं आली होती तेव्हा तुम्ही कोयती घेऊन लाकडाला म्हणून वर रानात गेलात आणि दिवस मावळल्यावर आलात. पावसाळ्याची लाकडं तर तुम्ही कधीच भरून ठेवलीत. फोन ठेवला आणि भाकरी करायला बसले, पण पीठ कितीदा मळलं ते कळलंच नाही. दिवसभर तुम्ही एकटे रानात काय करत बसला असाल, काय खाल्लं असेल, याचाच विचार येत होता. तुम्ही बिबट्याला भ्यायला नाहीत कधी. पुरातून बैल काढलेत. तुम्ही माझ्या लसीच्या डब्याला भिऊन रानात बसलात.

गुरुवारी शिवथरच्या शाळेत शिबिर आहे, आणि टोचायला मी येणार आहे. डॉक्टर म्हणाले होते, माहेरचं गाव आहे, दुसऱ्या सिस्टरना पाठवतो. मीच नको म्हटलं. ठकूकाकूंचं मी कुणालाही सांगणार नव्हते, तुम्हांला सांगितलं, ते तुमच्यापाशीच राहू दे. फोनवर सांगितलं असतं तर शेजारच्या ओटीवर ऐकू गेलं असतं, म्हणून हे पत्र. तुम्हांला सुईची भीती वाटते की माझ्या सुईची, एवढं मला कळायला हवं. सुईची असेल तर मलाही ती वाटते, रोज वाटते, आणि काही होणारच नाही अशी शपथ मी तुमच्यापुढे घेऊ शकत नाही. ताप येईल, अंग दुखेल. पण मुरारीसारखं तुम्हांला गाडीत चढवायची वेळ आली तर ते माझ्याच्यानं होणार नाही. गाव तुमच्या दाराकडे बघणार, तुम्ही लस घ्यायला गेलात तर तेही जाणार, हेही मला माहीत आहे. त्याचं ओझं घेऊ नका. फक्त गुरुवारी रानात जाऊ नका, घरी थांबा. मी शाळेत जायच्या आधी घरी येईन. "तू घरी जा" म्हणालात त्याचा अर्थ मला समोर बसून सांगा. तो काहीही असला तरी मी ऐकून घेईन. आणि त्यानंतर शाळेत आलात, तर दंड पुढे कराल तेव्हा भिंतीकडे बघा, आबा. माझ्याकडे बघू नका. बघितलंत तर मला टोचता येणार नाही.

तुमचीच,
ऋतिका