दाजी होण्याआधी

पेडगाव, २६ मे

प्रिय पप्पू,

तुला दाजी म्हणायला अजून सव्वीस दिवस आहेत, तोवर पप्पूच. पत्रिका छापून आल्या. तुझं खरं नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून आई विचारत होती, हा कोण नवरदेव म्हणून. धम्मशीला दिवसभर काहीतरी गुणगुणत असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही असं तिला वाटतं. तुला एक गोष्ट सांगायला मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा आपण मांडव, पुरी आणि बुंदीवर येऊन थांबलो. समोरासमोर तर माझी जीभच वळणार नाही. म्हणून हे पत्र. एकट्याने वाच. माझ्या हातून एक चूक झालीय, ती कदाचित तुझ्या अंगात बसलेली असेल, आणि माझी बहीण तुझ्या घरी यायच्या आत ती निघाली पाहिजे.

हैदराबादचे दिवस आठव. दिवसभर फरशी बसवायची आणि रात्री तू केलेली करपलेली खिचडी पाचजणांनी मिळून खायची. तरी मजा होती. संक्रांतीच्या सुट्टीत आपण दोघं ज्या गल्लीत गेलो, त्याबद्दल मात्र परत कधी बोललो नाही. माझ्या खिशात निरोध होता, तो खिशातच राहिला. महिन्याभरात मला तिथे एक जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून आणखीच विचित्र वाटायचं. दवाखान्यात जायची लाज. स्टँडमागच्या तंबूतल्या जडीबुटीवाल्याने पुड्या दिल्या, एकवीस दिवस मधातून घ्यायला सांगितल्या, आणि खरंच जखम गेली. मी इतका खूश झालो की त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. पुढे तुलाही तसंच झालं, तेव्हा तू घाबरून रडायला आला होतास. मीच तुझा हात धरून त्या तंबूत नेलं. तुझीही जखम गेली, आपण बिर्याणी खाल्ली आणि विषय संपला.

तसं मला तीन वर्षं वाटत होतं. यंदा जयंतीला आमच्या विहारासमोर रक्तदान शिबिर होतं, त्यात माझा पहिला नंबर. प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला टाकला, त्यावर तूही अंगठा दिला होतास. आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन, येऊन भेटा. मला वाटलं, आपलं रक्त काहीतरी दुर्मिळ गटाचं निघालं. तुझ्या साक्षीवहिनीला म्हणालो, बहुतेक सत्कार आहे. इस्त्रीचा शर्ट घालून परभणीला गेलो.

तिथल्या मैथिली मॅडमनी दार लोटलं, पाणी दिलं आणि सांगितलं की तुमच्या रक्तात सिफिलिस दिसतोय. जुनी माणसं ज्याला गरमी म्हणतात तोच. मी म्हणालो, मॅडम, ते कधीच बरं झालं, मी पुड्या घेतल्यात. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ही जखम पुड्या घेतल्या तरी जाते आणि नाही घेतल्या तरी जाते. जखम गेली म्हणजे आजार गेला असं नसतं. तो रक्तात गुपचूप राहतो, कित्येक वर्षं काही त्रास देत नाही, आणि नंतर काळजाला, मेंदूला धरतो. बायकोला होऊ शकतो. ती गरोदर राहिली तर पोटातल्या बाळालाही. मला त्या क्षणी साक्षी दिसली, आणि लगेच तिच्यामागे धम्मशीला.

साक्षीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, ‘आधी माझं रगत तपासू द्या, मंग बघते तुमच्याकडं.’ तिचा रिपोर्ट चांगला आला, तीन महिन्यांनी परत बघायचा आहे. एचआयव्हीची तपासणीही दोघांची केली, तिथेही काही नाही. मग तिने खरंच माझ्याकडे बघितलं. आठ दिवस ती मला जे बोलायचं ते म्हशीला बोलत होती, आणि म्हशीने फार ऐकून घेतलं. दुसऱ्या सुईच्या दिवशी मात्र न सांगता गाडीवर मागे येऊन बसली. पप्पू, त्या दिवशी मला ती फार आवडली.

सुया तीन, दर मंगळवारी एक, कुल्ल्यावर. दुखतात, खोटं सांगत नाही. गावात मी स्कूटीवरून पडलो म्हणून सांगितलं, तर सूर्यभान काका म्हणतात, ‘दर मंगळवारीच कसा काय पडायलायस रे तू?’ सरकारी दवाखान्यात काही खर्च नाही, नाव बाहेर जात नाही. सगळं बरं झालं असं डॉक्टर म्हणेपर्यंत निरोध वापरायचा, तो आता खिशात राहत नाही. तिसरी सुई गेल्या मंगळवारी झाली. पहिल्या सुईलाच तुझी आठवण आली होती. लिहायला मला तीन आठवडे लागले, याची लाज वाटते.

तर पप्पू, तू रक्त तपासून घे. कदाचित तुला काहीच नसेल, मग मला चार शिव्या दे आणि मांडवाचं काय ते बोलू. असलं तर त्याला औषध आहे, आणि डॉक्टर थांबा म्हणाले तर तारीख पुढे ढकलू. मांडववाल्याशी आणि आईशी मी बोलेन, कारण काहीही सांगेन. पण धम्मशीलाला खरं कारण तूच सांगायचं. हैदराबादसकट. जमत नसेल तर मी शेजारी बसतो, ती आधी माझ्यावर चिडेल, तेवढं तुला सोपं जाईल. तुझ्याइतका जीव लावणारा माणूस तिला मिळणार नाही, हे स्थळ मीच सुचवलं आणि आजही सुचवेन. ती तुला हो म्हणेल की नाही, ते मला माहीत नाही. पण हो म्हणायचं असेल तर तिने सगळं ऐकून म्हणावं. सोमवारी सकाळी मी तुझ्याकडे राणीसावरगावला येतोय, दवाखान्यात सोबतच जाऊ, तयार राहा.

तुझाच,
सिद्धोधन